वाचकांचे प्रश्न : पेसाहसाठी लेकराला घेऊन गाडीने जाताना

प्रश्न : आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझे पती कामानिमित्त परदेशी आहेत आणि या वर्षी, म्हणजे एप्रिल २०२७ मध्ये, पेसाहला, म्हणजे मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटकेच्या आपल्या सणाला, त्यांना येता येणार नाही. माझे थोरले भाऊ अहमदाबादला राहतात. त्यांनी मला आणि माझ्या आठ वर्षांच्या मुलाला सणासाठी बोलावले आहे. मुलाला घेऊन एवढ्या लांब मी एकटीने कधी गेलेले नाही. सेदेर, म्हणजे पेसाहच्या आरंभीच्या रात्रीचे विधीपूर्वक जेवण, बुधवारी संध्याकाळी असल्याने बुधवारी दुपारी निघावे, म्हणजे शाळेची फार रजा पडणार नाही, असा माझा विचार आहे. गाडीत काय खायचे, भावाकडे वाइनची बाटली नेली तर चालेल का, परत केव्हा निघता येईल, आणि घर बंद ठेवून जाताना काय करायचे, हे कळवावे. आणखी एक काळजी आहे. सेदेरच्या रात्री सर्वांत लहान म्हणून विधीतले चार ठरलेले प्रश्न माझ्या मुलाने विचारावेत असे भावाने ठरवले आहे. मुलगा बुजरा आहे, त्याचे हिब्रू वाचन कच्चे आहे, आणि तिकडची भावंडे घरात गुजराती बोलतात. तो गप्प बसला तर त्याला फार वाईट वाटेल.

उत्तर : ताई, आपल्या पत्रातल्या बहुतेक शंका निघण्याच्या दिवसाशी बांधलेल्या आहेत, म्हणून आधी तेच सांगते. बुधवारी निघू नका. मंगळवारी, २० एप्रिलला, सकाळच्या गाडीने निघा. बोरिवली ते अहमदाबाद या मार्गावर सकाळच्या जलद गाड्यांना सुमारे पाच ते साडेसहा तास लागतात. बुधवारी दुपारी निघालेली गाडी वेळेवर धावली तरी रात्रीच पोहोचेल, आणि सण तर सूर्यास्ताला सुरू होतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अहमदाबादला सूर्य सातच्या सुमारास मावळतो व दिवे त्याआधी लावायचे असतात. म्हणजे आपण म्हणता त्या गाडीने गेलात, तर वहिनी दिवे लावत असतील तेव्हा आपण सुरत आणि भरूचच्या मध्ये कुठेतरी डब्यात बसलेल्या असाल. बुधवारी सकाळच्या गाडीने वेळेत पोहोचता येईल हे खरे; परंतु वाटेत गाडी तीन-चार तास अडकली तर आईच्या जिवाची जी तगमग होते ती शेजारी बसलेल्या मुलाला लगेच कळते, आणि सणाची त्याची पहिली आठवण घड्याळाकडे पाहणाऱ्या आईची राहते. शाळेचा एक दिवस बुडण्यापेक्षा मला हे अधिक मोठे नुकसान वाटते.

मंगळवारचा आग्रह धरण्यामागे याहून आनंदाचे एक कारण आहे. पेसाहच्या आदल्या रात्री, म्हणजे या वर्षी मंगळवारी अंधार पडल्यावर, घरात हामेस, म्हणजे पेसाहमध्ये वर्ज्य असलेले पाव-बिस्किटांसारखे पदार्थ, शोधण्याचा विधी असतो. मेणबत्ती हातात घेऊन कोपरे, फडताळे आणि खिडक्यांच्या फटी पाहायच्या, आधीच लपवून ठेवलेले पावाचे दहा तुकडे हुडकून पिसाने लाकडी चमच्यात लोटायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते जाळायचे. आठ वर्षांच्या मुलासाठी याच्याइतके मनासारखे काम सबंध सणात दुसरे नाही. मामेभावंडांबरोबर अंधाऱ्या घरात मेणबत्तीच्या उजेडात तासभर फिरल्यावर ओळख करून देण्याची गरज उरत नाही. भाषा कोणतीही असली तरी तुकडा सापडल्यावर सगळी मुले एकच आरडाओरडा करतात. सेदेरच्या टेबलाशी बसण्यापूर्वी आपल्या मुलाला हा एक तास मिळावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. भावाला आधी कळवून ठेवा, म्हणजे मुले झोपण्यापूर्वी शोध होईल आणि एखादा तुकडा त्याच्या हाताला लागेल अशा बेताने ठेवला जाईल.

आता आपल्या ठाण्याच्या घराचे. सणाच्या आधीच्या तीस दिवसांत जो घर सोडून जातो त्यानेही आपले घर तपासून जायचे असते. मात्र ती तपासणी मंगळवारच्या रात्रीपूर्वी होत असल्यामुळे तिच्यावर आशीर्वाद म्हणायचा नसतो. सोमवारी रात्री, सामान बांधून झाल्यावर, मायलेकांनी मेणबत्ती घेऊन घर पाहून घ्यावे. उरलेले पीठ, शेवया, बिस्किटे असे जे असेल ते वाटून टाकावे, आणि जे टाकणे शक्य नाही ते वेगळ्या कपाटात बंद करून त्याच्या विक्रीची व्यवस्था आपल्या प्रार्थनालयाच्या हझानांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून आधीच करून घ्यावी. मुलाच्या दप्तराचे बाजूचे खिसे आणि त्याच्या पँटचे खिसे उलटे करून झाडायला विसरू नका. मोठ्या माणसांच्या स्वच्छतेतून सुटलेला बिस्किटाचा चुरा नेमका तिथेच असतो, आणि ते दप्तर भावाच्या धुतल्या-पुसल्या घरात जाणार आहे.

तिकिटाचे थोडक्यात सांगते. सध्याच्या नियमानुसार आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणून २० एप्रिलच्या प्रवासासाठी १९ फेब्रुवारीला सकाळी ८ वाजता तयार राहावे. एप्रिलच्या उत्तरार्धात सुट्ट्यांची गर्दी सुरू होते. प्रतीक्षा यादीवर विसंबून मुलाला घेऊन निघू नये आणि तत्काळच्या भरवशावर तर मुळीच राहू नये. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र जागा घेतली की २०१६ पासून पूर्ण भाडे पडते. ते जास्त वाटले तरी एवढ्या प्रवासात त्याला स्वतःची खुर्ची हवीच. शक्य झाल्यास खिडकीची घ्या. त्याचे कारण पुढे येईल.

परतीचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण या वर्षी तो नेहमीपेक्षा वेगळा आहे. इस्राएलबाहेर पेसाहचे पहिले दोन्ही दिवस पूर्ण सणाचे मानले जातात. यंदा ते गुरुवार २२ आणि शुक्रवार २३ एप्रिलला येतात व त्यांना लागूनच शनिवारचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, येतो. म्हणजे बुधवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत सलग तीन दिवस प्रवास नाही. त्यानंतर रविवार २५ पासून मंगळवार २७ च्या सूर्यास्तापर्यंत मधले दिवस आहेत आणि त्यांत प्रवासाला हरकत नाही. बुधवार २८ व गुरुवार २९ हे शेवटचे दोन दिवस पुन्हा पूर्ण सणाचे. शनिवारी रात्रीची गाडी मिळते, पण शब्बाथ संपल्यावर घाईघाईने सामान भरून झोपेला आलेल्या मुलाला स्टेशनवर ओढत नेण्यात काही अर्थ नाही. रविवारी सकाळी निघा. त्या दिवसाचे आरक्षण २४ फेब्रुवारीला उघडेल.

या तीन दिवसांत फोनही हाती घ्यायचा नाही, हे आपल्या मुलाच्या बाबतीत महत्त्वाचे आहे, कारण त्याचे वडील दूर आहेत. बुधवारी दुपारी, दिवे लावण्याच्या पुष्कळ आधी, वडिलांशी निवांत बोलण्याची वेळ ठरवून ठेवा आणि पुढचा फोन शनिवारी रात्री होईल हे त्याला आधीच सांगा. चार प्रश्नांचा पहिला पाठ वडिलांनाच फोनवर ऐकवला तर फारच उत्तम.

शाळेसाठी आताच अर्ज द्या. एप्रिलच्या त्या आठवड्यात वार्षिक परीक्षा असण्याचा संभव आहे, आणि आयत्या वेळी गेलेला अर्ज मुख्याध्यापकांनाही अडचणीत टाकतो. अर्जात सणाच्या तारखा स्पष्ट लिहा आणि २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे याचा उल्लेख करा. पुष्कळ शिक्षकांनी या सणाचे नावही ऐकलेले नसते. चार ओळींत माहिती दिली की बहुधा मार्ग निघतो.

खाण्याच्या बाबतीत मंगळवार सोपा आहे, कारण त्या दिवशी हामेसला मनाई नसते. पोळी-भाजी न्या, सँडविच न्या. फक्त त्याची पिशवी वेगळी ठेवा आणि अहमदाबादला उतरण्यापूर्वी ती डब्यातच रिकामी करून झटका. बुधवारी निघाला असता तर हेच किती अवघड झाले असते पाहा. त्या दिवशी हामेस खाण्याची मुदत सकाळी साडेदहाच्या आतच संपते आणि मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची पोळी, तर सेदेरपर्यंत खायची नसते, म्हणजे भुकेल्या मुलाला दोन्हींपैकी काहीच देता येत नाही. खरी कसोटी परतीच्या रविवारी आहे. त्या दिवशी गाडीत मिळणारे पावाचे काप, उपमा, चहाबरोबरची बिस्किटे यांपैकी काहीही चालणार नाही. ज्या गाड्यांत भोजनाचा पर्याय असतो तिथे तिकीट काढतानाच जेवण नको असे नोंदवा, नाहीतर ट्रे समोर येतो आणि शेजारचे मूल त्यातले बिस्किट खात असते. उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे, केळी, संत्री, खजूर आणि मात्सा एवढे पुरेसे आहे. बेने इस्राएलांच्या बऱ्याच घरांत पेसाहमध्ये भात चालतो. आपल्या वहिनींच्या माहेरची रीत निराळी असू शकते, म्हणून त्यांना विचारून मगच भाताचा डबा भरा. डबा भरताना मुलाला जवळ बसवा आणि त्यात काय जाणार हे त्यालाच ठरवू द्या. स्वतः भरलेल्या डब्याची लाज कोणत्याही मुलाला वाटत नाही.

वाइनची बाटली कृपा करून नेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे, परवान्याशिवाय मद्य बाळगणे तिथे गुन्हा आहे, आणि धार्मिक कारण सांगितल्याने सामान तपासणाऱ्या पोलिसाचे समाधान होईल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय तिची गरजही नाही. काळ्या मनुका धुऊन, भिजवून, कुस्करून गाळलेले शरबत आपल्या समाजात किद्दुशसाठी, म्हणजे प्याल्यावरच्या आशीर्वादासाठी, पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे आणि सेदेरचे चारही प्याले त्याने भरता येतात. मुलेही तेच पितात. न्यायचेच असेल तर चांगल्या मनुका न्या, आणि बुधवारी सकाळी आपल्या मुलाला त्या कुस्करायला बसवा.

मात्सा ठाण्याहून नेणार असाल तर एका गोष्टीकडे लक्ष द्या. पेसाहच्या पानावर अखंड मात्सा लागते आणि सामानाच्या फळीवर ठेवलेला खोका कुणाच्या तरी बॅगेखाली दबतोच. स्टीलच्या पसरट डब्यात तळाशी सुती कापड घालून त्या आडव्या रचाव्यात, वरच्या मोकळ्या जागेत दुसरे कापड दाबून बसवावे म्हणजे त्या हलत नाहीत, आणि तो डबा आसनाखाली आपल्या पायाशी असावा. त्याची राखण मुलाकडे द्या. जबाबदारीचे काम असले की प्रवासात मुले कमी कंटाळतात.

आता आपल्या शेवटच्या काळजीकडे येते. माझ्या मते आपले सबंध पत्र तिच्यासाठीच लिहिलेले आहे. मिसरमधून सुटकेची गोष्ट मुलाला सांगावी ही तोराची, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाची, आज्ञा आहे, आणि सेदेरची रचनाच अशी आहे की मुलाने विचारावे आणि मोठ्यांनी सांगावे. विचारणाऱ्याला समजेल अशा भाषेत विचारायला कोणतीही आडकाठी नाही. आपल्या मुलाला मराठी उत्तम येते, तर त्याने प्रश्न मराठीत विचारावेत. यात काही कमीपणा आहे असे आपण मानू नये आणि त्यालाही वाटू देऊ नये. मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा, म्हणजे सेदेरला वाचायची पोथी, पुण्यात १८७४ साली छापली गेली आहे, आणि तिच्या चित्रांत मात्सा तयार करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या आहेत. आपल्या पणज्यांच्या पिढीने हा सण ज्या भाषेत समजून घेतला तीच भाषा आपला मुलगा बोलतो, हे त्याला सांगा आणि जमल्यास ते चित्र दाखवा. हिब्रूतले आरंभीचे चार शब्द, मा निश्तना हलैला हझे, एवढे पाठ करून घ्यावेत आणि पुढचे सारे मराठीत विचारू द्यावे. अहमदाबादची भावंडे गुजरातीत विचारतील, भाऊ हिब्रूत म्हणतील, आणि टेबलाभोवती बसलेल्या सर्वांना सगळे कळेल.

तयारीसाठी गाडीसारखी जागा नाही. घरी अभ्यास म्हटला की मुले पळतात. खिडकीशी बसलेले मूल कुठेही जाऊ शकत नाही आणि चाकांचा ठेका पाठांतराला साथ देतो. परंतु आरंभीच पुस्तक काढू नका. विरार मागे टाकून गाडी वैतरणेच्या पुलावर आली, शहर संपले, की प्रवासाची प्रार्थना, तफिलाथ हादेरेख, मायलेकांनी मिळून म्हणावी. मग बाहेर पाहू द्यावे. महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर थोड्याच वेळात संजाण स्टेशन लागते. जलद गाडी तिथे थांबत नाही, म्हणून पाटी वाचायला त्याला आधीच सावध करा. इराणातून समुद्रमार्गे आलेले पारशी लोक संजाणच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. आपली परंपरा अलिबागजवळच्या नवगावची आहे. तिथे जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा धरून शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. या दोन गोष्टी एकापाठोपाठ ऐकल्या की मिसरमधून निघालेल्यांची तिसरी गोष्ट मूल स्वतःच विचारते. तिथून चार प्रश्नांना हात घालावा.

प्रश्न पाठ करून घेण्याआधी त्यांचा अर्थ त्याच्याकडून काढून घ्या. आज रात्री आपण साधी पोळी का खाणार नाही? कडू भाजी का खाणार? दोनदा बुडवून का खाणार? आणि एरवी ताठ बसा म्हणून ओरडणारे मामा आज उशीला टेकून का बसणार? आठ वर्षांच्या मुलाला या प्रत्येकाचे कुतूहल असतेच. फक्त ते त्याच्या तोंडच्या शब्दांत यावे. भरूचला नर्मदेवरून गाडी जाताना शेजारी १८८१ साली उघडलेला जुना लोखंडी पूल दिसतो. तोवर झाले तेवढे पुरे. उरलेला वेळ त्याला झोपू द्या.

एवढे करूनही तो ऐनवेळी गप्प बसला तर काय, असे आपण विचाराल. तर आपण विचारा. मूल विचारत नसेल तर दुसऱ्याने विचारावे, आणि एकट्याने सेदेर करणाऱ्याने स्वतःलाच विचारावे, अशी शिकवण आहे. म्हणजे मौनाची सोय आपल्या पूर्वजांनी आधीच करून ठेवली आहे. हग्गादातल्या चार मुलांपैकी एकाला तर विचारताच येत नाही, आणि त्याच्यासाठी बोलायला सुरुवात तूच कर असे वडीलधाऱ्यांना सांगितले आहे. भावाला हे खाजगीत सांगून ठेवा. मुलाकडे सर्वांच्या नजरा वळवून त्याची वाट पाहत बसण्याऐवजी एखाद्या मामेबहिणीने पहिला प्रश्न सुरू करावा आणि त्याने तिच्यात आवाज मिळवावा. गुरुवारी रात्री दुसरा सेदेर आहेच. पहिल्या रात्री ऐकणारी कितीतरी मुले दुसऱ्या रात्री आपणहून बोलतात.

प्रश्न : मी पुण्याला राहतो. दरवर्षी अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीने मुंबईला आजीकडे जातो. नव्याचा सण, म्हणजे आमचे नवे वर्ष, आम्ही तिथेच करतो. डब्यात शेजारचे लोक आडनाव विचारतात, आडनाव ऐकून आपण कोणते, गाव कोणते असे विचारतात, आणि मी ज्यू म्हटले की मग परदेशातून केव्हा आलात असे विचारतात. मागच्या खेपेस मुलीने मला हळूच सांगितले की बाबा, पुढच्या वेळी सांगू नका. मी तिचे ऐकावे का?

उत्तर : तिचे म्हणणे ऐकावे, परंतु ते तिथेच सोडू नये. ती आपल्या समाजाची लाज बाळगते असा अर्थ लगेच काढू नका. अकराव्या वर्षी मुलांना आपल्याकडे सर्वांनी पाहू नये असे वाटते. आडनाव, उंची, चष्मा, कशावरूनही त्यांना तसे वाटते. डब्यातल्या अनोळखी माणसाला उत्तर देणे बंधनकारक नाही, हे तिला स्पष्ट सांगा. सांगावेसे वाटले तर सांगायचे, नाही वाटले तर हसून खिडकीबाहेर पाहायचे, आणि दोन्हींपैकी तिने काहीही केले तरी बाबा रागावणार नाहीत. ही मोकळीक मिळाल्याशिवाय ती मनापासून कधीच उत्तर देणार नाही.

त्याबरोबरच तिच्यापाशी उत्तर तयार असले पाहिजे, कारण पुष्कळदा मुले गप्प बसतात ती नेमके काय सांगावे हे ठाऊक नसल्यामुळे. आपण तिच्याशी आधी बोलून ते तिच्या शब्दांत बसवावे. आम्ही बेने इस्राएल, शतकानुशतके कोकणातले, घरी मराठी बोलतो आणि आमचे नवे वर्ष आज संध्याकाळी सुरू होते. एवढ्यात सर्व येते. आपली पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर, दिवेकर ही आडनावे रायगडच्या गावांवरून पडलेली आहेत, आणि आडनावावरून गाव विचारणाऱ्या मराठी माणसाला याहून चांगला पुरावा कोणता देणार? पुण्याची असल्यामुळे तिला आणखी एक सांगता येईल. ज्याला सगळे शहर लाल देऊळ म्हणते ते ज्यूंचे प्रार्थनालय आहे आणि १८६७ पासून उभे आहे. ते डेव्हिड ससून यांनी बांधले. रास्ता पेठेत बेने इस्राएलांचे स्वतंत्र प्रार्थनालयही आहे. रोज त्यांच्यावरून जाणाऱ्या पुणेकर सहप्रवाशाला हे ऐकून बहुधा आनंदच होतो, आणि विचारणारे बहुतेक लोक निव्वळ कुतूहलाने विचारतात हे तिच्या लक्षात येते.

एक गोष्ट मात्र तिला शिकवून ठेवावी. आपण कोण हे सांगणे वेगळे, आणि कुठे उतरणार, कोणत्या प्रार्थनालयात किती वाजता जाणार, आजी कुठे राहते हे सांगणे वेगळे. २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊस हे ज्यूंचे केंद्र लक्ष्य झाल्यापासून मुंबईतील प्रार्थनालयांबाहेर पोलीस असतात, आणि अकरा वर्षांची मुलगी त्याचे कारण विचारणारच. तिला न घाबरवता खरे सांगावे. अनोळखी माणसाला घरचा पत्ता देऊ नये हा नियम सर्वच मुलांना लागू आहे, म्हणून तो त्याच साध्या सुरात सांगता येतो.

आणि पुढच्या प्रवासात प्रश्न आलाच, तर आपण लगेच उत्तर देऊ नका. क्षणभर तिच्याकडे पाहा. तिने बोलायला सुरुवात केली तर मध्ये पडू नका, चुकली तरी दुरुस्त करू नका. ती गप्प राहिली तर पुण्याचे आहोत म्हणून विषय बदला. पुढच्या वर्षी ती बारा वर्षांची होईल आणि आपल्या रीतीने मोठ्यांत गणली जाईल. त्याआधी हा निर्णय तिच्या हाती गेलेला बरा.

प्रश्न : आम्ही अहमदाबादचे आहोत. या वर्षी पेसाहच्या मधल्या दिवसांत नातवाला घेऊन गाडीने मुंबईला, तिथून अलिबागला नातलगांकडे जावे आणि त्याला नवगाव दाखवावे असा बेत आहे. चालेल का?

उत्तर : प्रवास चालेल. पूर्ण सणाच्या दिवसांना लागू असलेली प्रवासाची मनाई मधल्या दिवसांना नाही. शनिवारी रात्री शब्बाथ संपल्यावर किंवा रविवारी निघावे आणि मंगळवार २७ एप्रिलच्या सूर्यास्तापूर्वी, अलिबाग असो की अहमदाबाद, जिथे शेवटचे दोन दिवस राहायचे तिथे पोहोचलेले असावे. अलिबाग शहराला प्रवासी रेल्वे नाही. मुंबईहून मांडव्यापर्यंत बोटीने जाता येते किंवा पेणपर्यंत गाडीने जाऊन पुढे रस्त्याने. नातवाला बोट अधिक आवडेल. खाण्याचा डबा वर सांगितल्याप्रमाणे अहमदाबादहूनच भरून घ्या, कारण धक्क्यावर आणि वाटेत मिळणाऱ्या वडापाव-भज्यांतले काही त्याला चालणार नाही.

नवगावबद्दल मात्र थोडा विचार करावा. तिथे आपल्या पूर्वजांचे दफनस्थान आणि स्मारक आहे, आणि सणाच्या दिवसांत, मधल्या दिवसांतही, स्मशानभेट टाळण्याचा प्रघात आहे. या फेरीत अलिबागचे मागेन आबोथ प्रार्थनालय दाखवावे, किनारा दाखवावा, आणि नवगावची गोष्ट तिथे वाळूत बसून सांगावी. नवगावला जाण्यासाठी शाळेच्या उन्हाळी सुट्टीतला सणानंतरचा एखादा दिवस ठेवावा. कोकणात जूनमध्ये पाऊस लागतो आणि पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात, म्हणून मे महिना त्यासाठी योग्य आहे.